लांब दांड्याची बॅट

(१९३६ सालचा मार्च. बेळगावच्या कॅम्पातलं खेळाच्या सामानाचं दुकान. मालक दत्तोपंत, गिऱ्हाईक येळ्ळूरचं नवरा-बायकोचं जोडपं, रवळू आणि गुणाबाई.)

दत्तोपंत : धोपाटणं? कपडे बडवायचं धोपाटणं?

गुणाबाई : व्हय की. चिंध्यांचा चेंडू करून घरामागल्या परड्यात एकटंच बडवत हुते. मोडलं. मी म्हटलं, आता खरी बॅटच घेऊया.

रवळू : सगळं सांगायलाच पायजे व्हय गं?

गुणाबाई : न सांगता मालकांस्नी कसं कळंल, काय द्यायचं ते?

दत्तोपंत : बरोबर आहे आक्का. आधी कधी खेळलाय का, पैलवान?

रवळू : पैलवान कुणी सांगितलं?

दत्तोपंत : कुस्तीत मोडलेले कान सांगतायत की तुमचे.

रवळू : न्हाय, खेळलो न्हाय. भाजी घालाय कॅम्पात येतो, तवा गोऱ्यांचा खेळ चालल्याला असतोय. मैदानाच्या तारंपाशी हुबा ऱ्हातो, बघत.

दत्तोपंत : मग ही धरून बघा. विलायती आहे. घ्या म्हणत नाही, नुसती हातात धरा.

गुणाबाई : केवढ्याला? वासरू येईल येवढ्याला?

दत्तोपंत : दुभती गाय येईल एवढ्याला.

गुणाबाई : आवं, ठेवा ती खाली! आधी ठेवा!

दत्तोपंत : घाबरू नका आक्का. ह्या इकडच्या सियालकोटच्या. शिकणाऱ्याला पुष्कळ झाल्या.

गुणाबाई : लाकूड कसलं म्हणायचं हे? पांढरंफेक. बाभळीची का करत न्हाईत? जल्मभर टिकंल.

दत्तोपंत : बॅट टिकेल, खेळणारा टिकणार नाही. चेंडू बसला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतील. हे विलोचं लाकूड. हलकं, पण मार सोसतं.

गुणाबाई : आन् पाठीमागं पोट आलंय ते?

दत्तोपंत : जोर सगळा त्या पोटात.

रवळू : ती कोपऱ्यातली द्या मला. ती जाड हाय.

दत्तोपंत : नवा माणूस जडच मागतो बघा. असं करा, एका हातानं धरा आणि हात सरळ लांब करा. हात थरथरला की समजायचं, ही आपली नव्हे.

रवळू : ही घ्या, धरली. किती येळ धरू?

दत्तोपंत : ठेवा, ठेवा. ही परीक्षा तुमच्यासाठी नाहीच. ती राहू दे, ही हलकी घ्या. टोक जमिनीला टेकवा, चेंडू येतोय समजा. गुडघे जरा वाकवा.

रवळू : असंच बरं हाय.

दत्तोपंत : वाकल्याशिवाय टेकायची नाही ती. हा उजवा गुडघा असा—

रवळू : ऱ्हाऊ दे. चल गुणा. फुडं कवातरी बघू.

दत्तोपंत : का हो? माझं काही चुकलं का?

गुणाबाई : त्यांचा गुडघा वाकत न्हाय.

रवळू : गुणा, गप बस.

गुणाबाई : न्हाय बसत. संकेश्वरला कुस्तीत निखळला, मालक. तवापासनं तालीम सुटली, तालमीतल्यांशी बोलणं सुटलं. जेवतानासुदिक भिंतीकडं तोंड. धोपाटणं मोडलं तवा परड्यातनं ह्यांचं हसू ऐकू आलं मला. भांडाय म्हणून गेलते, तशीच मागं फिरले.

रवळू : तू ऐकत हुतीस?

गुणाबाई : मग काय तर.

दत्तोपंत : पैलवान, हे आधी बोलायचं की. बॅट आखूड म्हणून वाकावं लागतंय तुम्हाला. ह्या शाळेतल्या मुलांच्या मापाच्या, म्हणून स्वस्त. तुम्हाला लांब दांड्याची पाहिजे.

गुणाबाई : म्हंजे परत गाय.

दत्तोपंत : नवी घेतली तर. थांबा, माळ्यावर एक आहे... ही. पलटण हलली तेव्हा एका साहेबानं टाकून दिलेली. पात्याला चीर होती, सरस भरून वर दोरा गुंडाळलाय मी. खोटं बोलत नाही, कधीतरी मोडणार ही. पण शिकून होईल तोवर. जवसाचं तेल मात्र लावत जा.

गुणाबाई : जवस घरचाच हाय. चटणीतला थोडा बॅटीला.

दत्तोपंत : उभे राहून बघा.

रवळू : टेकली. न वाकता टेकली की गं!

दत्तोपंत : आणि खेळणार कुणाशी?

रवळू : तालमीतली हायत चारजण. अजून इच्चारलं न्हाय. हसतील.

गुणाबाई : हसू देत की.

दत्तोपंत : ह्यात पळावंही लागतं, बरं का. पण पाय दुखावला असला तर आपल्या वाटचं दुसरा पळतो. नियमच आहे तसा.

रवळू : म्हाईत हाय. बघितलंय मी. एक गोरा लंगडत हुता. मला वाटलं, आता घरी जाईल. तर त्यो जाग्यावर हुबा ऱ्हाऊन मारतोय आन् दुसरा त्याच्यासाठी पळतोय. कोण हसलं न्हाय त्याला. त्या दिशीपासनं तारंपाशी हुबा ऱ्हाया लागलो.

गुणाबाई : हे मला कधी बोलला न्हाईसा.

रवळू : काय बोलायचं?

दत्तोपंत : चला, मागच्या अंगणात चला. जुना चेंडू देतो. टाका आक्का तुम्हीच.

गुणाबाई : मी? धरायचा कसा ह्यो?

दत्तोपंत : हात वरनं फिरवून... जाऊ दे, कसाही टाका.

गुणाबाई : आवं, टाकू?

रवळू : टाक.

गुणाबाई : ...अगं आई गं! गुडघ्यावरच बसला की! कुठला? त्योच?

रवळू : त्योच.

गुणाबाई : बसा, बसा खाली. मालक, पाणी आणा जरा. माझा हातच असला.

दत्तोपंत : आणतो, आणतो.

रवळू : पाणी नगं. गुणा, मागं जा तू. चेंडू घे, आन् जरा जोरात टाक.