राहून गेलेलं दुसरं वाक्य

काय सांगू तुम्हाला, जन्म कळंबचा, हायवेवरची मंगल कार्यालयं डोळं झाकून ओळखणारा मी, आन चुलत मेव्हण्याच्या लग्नाला म्हणून निघालो तो शेजारच्याच कार्यालयात शिरलो. दारातच, या पावणं, म्हणत कुणीतरी डोक्याला फेटा बांधला, मीबी ऐटीत पहिल्या रांगेत बसलो. हळद चालली व्हती. नवरीनं मान वर केली, तर आमच्या शाळेतली नववीची पोर.

नाव सांगत न्हाई, तेवढं तरी पाळतो.

मी गणिताचा मास्तर. शाळेला समुपदेशक पायजे व्हता, ट्रेनिंगला कुणी जाईना, मला धाडलं. घरात स्वतःची पोरं ऐकत न्हाईत आन मी दुसऱ्याच्यांना सल्ले देणार, म्हणून बायको लई हसली. ट्रेनिंगच्या मॅडमनी दोन वाक्यं पाठ करून घेतली व्हती, इथं बोललेलं इथंच राहील, आन तुला धोका असंल तर मात्र मला सांगावं लागंल. दोन्ही एकदमच सांगायची. ही पोर शनिवारी रडत आली, मी पहिलं सांगितलं, दुसरं राहूनच गेलं. मग ती म्हणली, सर, घरात माझ्या लग्नाची बोलणी चाललीत, पण सांगू नका, बाप आईलाच मारंल. मी म्हणलो, न्हाई सांगत. बोलणीच तर चाललीत, सोमवारी हेडमास्तरांना इचारू, म्हणून घरी येऊन निवांत जेवलो. दुसऱ्याच दिवशी हा मांडव.

आचाऱ्याच्या भट्टीमागं जाऊन मुलांच्या हेल्पलाईनला फोन लावला, फेटा डोक्यावर तसाच. अक्षतांच्या आधी पोलीस आलं, लगीन थांबलं. बापाला वाटलं मी नवऱ्याकडचा पाहुणा. पोरीला मात्र ठावं व्हतं. हळदीच्या तोंडानं एवढंच म्हणली, तुमी म्हणला व्हता ना, सर.

आता ती आजीकडं असती, तिकडच्या शाळेत जाती म्हणं. आई घसरून पडली असं गावात सांगत्यात. तेबी मी हेल्पलाईनला कळवलंय. ती आई बाजारात दिसली, एक हात गळ्यात बांधलेला. मी नमस्कार केला, तिनं दुसऱ्या हातानं पदर पुढं ओढला.

कायद्यानं तुमी बरोबर, असं शाळेत सगळी म्हणत्यात. आता कुणी पोर आलं की दुसरं वाक्य आधी म्हणतो. पोर दाराकडं बघतं, डोकं दुखतंय म्हणतं, गोळी घेऊन जातं. तो फेटा अजून खुंटीला हाय, परत कुणाला द्यायचा तेच कळंना.

परवा बायकोला म्हणलो, हे काम सोडतो, माझ्याच्यानं व्हत न्हाई. तिनं फेटा काढला, घडी घातली आन म्हणली, सोडायचं मागनं बघू. उद्या मी त्या पोरीच्या आईकडं जाऊन बसते. तुमी येऊ नका, आन ती काय बोलली ते मला इचारू नका.