शेणानं हिरवं केलेलं तळं

मी हरसूलकडचा. आमच्याकडं पाणी डोंगरावरून उड्या मारत येतं अन् तसंच पळून जातं, म्हणून खाली तळं बांधलेलं, त्यात मी मासे पाळायचो, अन् काय सांगू तुम्हाला, माझा एकेक कटला मासा रेडकाएवढा! बायको म्हणायची, अहो, रेडकू तरी लहान धरा.

मासा वाढवायचा तर तळ्यात शेण टाकायचं, ही आमची रीत. शेणानं पाणी हिरवं होतं, ते हिरवं मासा खातो. मी म्हणलं, थोड्यानं वाढतो तर लय टाकू. गाड्याच्या गाड्या ओतल्या. नव्वदनंतरची सालं ती, वरच्या शेतांतला युरियापण वाहून यायचा. पाणी असं हिरवं झालं की बगळा बसला तर पोपट होऊन उडंल. वर साय धरली, वास सुटला, तरी मी मिशीला पीळ देत फिरायचो.

मग आभाळ भरून राहिलं, ऊनच नाय. एका सकाळी बघतो तर सगळे मासे वर, आ वासून. मला वाटलं भुकेलेत, पेंडीची अख्खी पाटी ओतली. एकानं शिवली नाय. नुसता आवाज, चप् चप्, तळंभर तोंडांचा. मग एकेक उताणा व्हायला लागला. पाण्यातली हवाच संपली होती, हे मागनं मासे-खात्याच्या साहेबांनी सांगितलं.

वळून बघतो तर माझ्यामागं आलेली आमची म्हैस, चंद्री, कडेची हिरवी साय सारून पाणी पीत होती. ओढून काढली, तर अंग थरथरतंय. अन् समोरून गावची सगळी गुरं पाण्यावर येत होती.

मी बोंबललो, आणू नका, पाणी बाधतंय! गुराखी बाप्या हसला, काय दादा, आज कटला म्हैस गिळतोय व्हय? मी वाटेत आडवा पडलो तरी लोक हसतायत. बायको धावत आली, माझं तोंड बघितलं अन् म्हणाली, बाप्या, थांबव गुरं, हे थापा मारताना असे दिसत नाय. काठी घेऊन गुरांपुढं उभीच राहिली. तेवढ्यात चंद्री गुडघ्यांवर बसली, ती बसलीच. मग हसणं थांबलं.

गुरं वाचली. चंद्री गेली.

ती हिरवी सायच विषारी होती, हेपण साहेबांनीच सांगितलं. आता तळ्यात शेण कोणी टाकत नाय, पाणी निवळ हाय. पण सकाळी एखादा मासा वर आला की तो खाली जाईस्तोवर माझा श्वास अडकतो. नातवंडं म्हणतात, आजा, कटला सांग. सांगतो, तो आता बैलाएवढा झालाय. त्या सकाळचं मात्र होतं तेवढंच सांगतो, त्यात एक मासा वाढवत नाय. देव करो, तुमच्याकडच्या माशाला तोंड वर काढायची पाळी न येवो.