टायरचा काळा धूर

हॅलो?… हो ताई, मीच. बोल… नाही गं, काहीच कळलं नाही अजून… अगं, कळलं असतं तर आधी तुलाच नसता का केला फोन?

हो… हो… तेच सांगतात ते. ढब्बू औषधांची खोकी घेऊन उडाला, डोंगर ओलांडताना रेडिओ बंद पडला, आणि पलीकडच्या धावपट्टीवर उतरलाच नाही. परवापासून तेच तेच ऐकतेय… नाही, एकटाच होता. एवढंसं ते विमान. त्यात दुसरा माणूस बसवला तर खोकी कुठं ठेवणार?

जेवले… बरं, नाही जेवले. खोटं कशाला बोलू? चहा घेतला… अगं हो, खाईन दोन घास नंतर. ओरडू नकोस.

काय करतेय?… ऐकून हसशील. पुस्तकं वाचतेय. ढब्बूची… तीच गं, चित्रांची. युरोपातल्या त्या जुन्या साहसकथा, जाड पुठ्ठ्याच्या, मांडीवर न मावणाऱ्या. त्याच्या खोलीत चादर बदलायला गेले आणि तिथंच फतकल मारून बसले… हो, मीच. उठता बसता 'रद्दीत घालीन' म्हणणारी मीच.

अगं ऐक ना. त्या मफलरवाल्या वैमानिकाचं विमान दर पुस्तकात पडतं. दर पुस्तकात! कधी समुद्रात, कधी बर्फात, एकदा तर सर्कशीच्या तंबूवर… त्याचा तो जाड्या मेकॅनिक डोळे गच्च मिटून घेतो, आणि पानाच्या शेवटच्या चौकटीत विमानाचं नाक खाली. पान संपलं. आता उलटल्याशिवाय राहशील तू? मी तर नाही राहत. उलटते, आणि पुढच्या पानावर दोघं बाहेर, अंग झटकत उभे. मफलरसुद्धा जागच्या जागी… म्हणून वाचतेय गं. कुणीतरी बाहेर आलेलं बघायचंय मला.

हो, पहिलं तूच आणलंस. त्याला गोवर झाला होता तेव्हा. गप्प अंथरुणात पडून राहावा म्हणून. राहिला की पडून! बरा होऊन उठला तो विमान चालवायचं म्हणतच उठला… नाही, दोष नाही देत… बरं, देतेय. थोडासा. आज मला कुणाला तरी द्यायचाच होता, तू सापडलीस… रडू नकोस. ए ताई. तू रडायला लागलीस तर मी काय करू? मी बसलेय ना दाबून.

काय?… हो, मोठा झाला तरी सोडली नाहीत. सुट्टीवर आला की हीच पुस्तकं घेऊन लोळायचं. मी म्हटलं, अरे पाठ झालीत ना, मग? तर म्हणाला, आई, यांच्यात हवा नेहमी स्वच्छ असते… खरंच गं. आकाश सगळं एकाच निळ्या रंगाचं. कुठं सावली नाही, धुकं नाही. विमानाचा एकन् एक खिळा काढलाय, आणि त्या वैमानिकाचं तोंड म्हणजे दोन ठिपके नि एक रेघ. म्हणूनच तर त्यात कुणाचंही तोंड बसतं. मला कालपासून ढब्बूच दिसतोय.

हे? बाहेरच्या खोलीत आहेत. खुशीत आहेत… हो, खुशीत म्हटलं मी. तेच तर बघवत नाही.

अगं, एका पुस्तकात तो वैमानिक बर्फात पडल्यावर विमानाचं टायर जाळतो. काळा धूर होतो, लांबून कुणाला तरी दिसतो, आणि सुटका. ह्यांना ते पान सापडलं. झालं! शोधपथकाच्या साहेबांना फोन. 'काळा धूर बघा हो, माझा मुलगा टायर जाळणार म्हणजे जाळणार, त्याला हे पान पाठ आहे.' मी हात जोडत होते, अहो लोक हसतील. ऐकतात थोडेच.

आणि आज सकाळी साहेबांचाच फोन. पलीकडच्या दरीत एका मेंढपाळानं धूर पाहिलाय. काळा… नाही, ताई, नाही, थांब. ओरडू नकोस आनंदानं. हेही असेच ओरडले… विमान पेटलं तरी धूर काळाच येतो गं.

मेंढपाळानं पाहिलेला धूर परवाचा आहे. रेडिओ बंद पडला ना, तेव्हाचाच. टायर काढायला, पेटवायला काही वेळ नको लागायला? पुस्तकातसुद्धा अख्खं पान लागतं त्याला… साहेब म्हणाले, 'माणसं निघालीत तिकडं,' आणि गप्प झाले. फोन स्पीकरवर होता. त्यांचं ते गप्प होणं मी ऐकलं. ह्यांनी नाही ऐकलं.

ह्यांना कुठल्या तोंडानं सांगू?… तू म्हणतेस गं सांग म्हणून. येऊन बघ. त्याच्यासाठी गरम मोजे काढून ठेवलेत. पोरगं काकडलं असेल म्हणतायत.

थांब… ह्यांचा फोन वाजतोय… नको, तू ठेवू नकोस… उचलला. 'हो, वडीलच बोलतोय'… हसतायत गं… 'टायरच ना? मी म्हटलं होतं ना साहेब?'… आता नुसतं ऐकतायत…

इकडेच येतायत… काय हो?… घड्याळ? कसलं म्हणजे?…

ताई… साहेब विचारतायत, ढब्बूच्या हातात घड्याळ कसलं होतं… नाही गं. नाही. ह्यांना वाटतंय, कुठं पडलेलं सापडलं असेल. तो बोलत असता तर त्यालाच नाही का विचारणार? घड्याळ घरच्यांना कशाला विचारतील?

अहो, चौकोनी. चामड्याच्या पट्ट्याचं, डाव्या हातात… हो, नक्की. पट्ट्याला एक जास्तीचं भोक आहे म्हणावं, मी पाडलंय, मनगट बारीक त्याचं… सांगा त्यांना.

ऐकतेस?… सांगतायत मोठमोठ्यानं… अजून हसतायत… ताई, ठेवते. ते हसायचे थांबतील तेव्हा मी जवळ असायला हवं.