दुसऱ्या शिखराचा नवस

खाओ सोई नूडल्सच्या गाडीपुढे रांगेत, माझ्यापुढे प्रयोगशाळेतल्या दोघी.

“काएवताई, माझं विरघळून जाणारं पॉलिमर बिघडलं! यंत्राच्या आलेखात एकाऐवजी दोन शिखरं आली. म्हणजे त्यातली पाणी धरणारी साखळी तेल धरणारीला जोडलीच गेली नाही.”

“पॉलिमर न घालता, ते विरघळवायचं नुसतं द्रावक यंत्रातून सोडून बघितलंस?”

“नाही गं.”

“मी सकाळी सोडलं. ते छोटं शिखर त्यातही आहे. द्रावक टिकावं म्हणून औषध घालतात ना, त्याचं. तुझ्या साखळ्या मस्त जोडल्यात, वेडे!”

“अगं बाई! मी रडून डोळे सुजवले. प्रयोगशाळेच्या दारातल्या देवाला उकडलेल्या अंड्यांचा नवसही बोलले.”

“मग फेड.”

“साखळ्या तर आधीच जोडलेल्या होत्या. देवानं काय केलं?”

“पुढचा नमुना त्याच यंत्रात घालायचाय ना?”

“…मावशी, नूडल्स राहू देत. उकडलेली अंडी आहेत का?”