रविवारची उजळणी

अंबुबाई : मागच्या रविवारी फोनवर उशीच्या अभ्र्याला काय म्हणालीस?

कल्पना : बेडशीट. चुकलंच माझं.

अंबुबाई : आणि मंगळवारी गच्चीत माझे अभ्रे काढताना? "पिलोकेस, अंबुअक्का, पिलोकेस," असं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंस.

कल्पना : अमेरिकेतला फोन, घाबरायला होतं हो. सगळं विसरते.

अंबुबाई : अय्यो! लग्नाच्या नवऱ्याला घाबरतेस? मी इथेच अवरेकाईच्या, तुमच्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेली असते, कल्पना. फोन माझ्या घरातला, कानही माझेच.

कल्पना : द्या इकडे, थोड्या मी सोलते.

अंबुबाई : शेंगा राहू देत. जाताना योगीराज काय म्हणाला होता?

कल्पना : तिथे तुला दिवसभर एकटीला राहायचंय, दुकानात जायचंय. घरातल्या वस्तूंची इंग्रजी नावं तोंडपाठ कर, मग तुझे कागद करतो.

अंबुबाई : कधी न्यायचं होतं?

कल्पना : दिवाळीत.

अंबुबाई : आता संक्रांत आली. कंपनीनं त्याला कॉम्प्युटरच्या त्या दोन हजार सालच्या कामावर अमेरिकेला धाडलं, आणि तू सात महिने माझ्या वरच्या खोलीत एकटी. बंगळूरच्या या कोरमंगल्यात माझ्याशिवाय तुझ्याशी मराठी बोलणारं कोणी नाही, आणि तुला कन्नड येत नाही. मग मुद्दाम कशाला चुकतेस? जायचं नाही का त्याच्याकडे?

कल्पना : जायचंय हो! असं काय विचारता?

अंबुबाई : सरी, बरं, मग सांग तरी.

कल्पना : गणपतीत एकदा सगळं बरोबर आलं होतं. "व्हेरी गुड" म्हणाले आणि ठेवला. आईचं पत्र आलंय, मला दोन दिवस ताप होता, सगळं सांगायचं राहिलं. पुढच्या रविवारी पळीचा शब्द खरंच आठवेना. तर केवढं बोलले, अक्का! लॅडल म्हणजे काय, यांच्या पळीचा दांडा कसा मोडलाय, आमटी वाटीनंच कशी वाढून घेतात... मी नुसती ऐकत होते. मग त्याच्या पुढच्या रविवारी मीच दोन शब्द चुकवले.

अंबुबाई : मला दसऱ्यालाच कळलं होतं.

कल्पना : आणि बोलला नाहीत?

अंबुबाई : नाही बोलले. आमचे यजमान नरसिंहराव गेल्यापासून हा फोन वाजतो तो तुझ्यासाठीच. तू गेलीस की रविवारी या घरात कोण येणार? स्वार्थ होता माझा. स्वल्प नाही, चांगला पुष्कळ होता.

कल्पना : असं नका म्हणू.

अंबुबाई : म्हणू दे. पण असल्या चुकांनी तुझी अख्खी तरुण वर्षं जातील, पोरी. आज सगळं नीट सांग.

कल्पना : मग दोन मिनिटांत ठेवतील. आठवडाभर मी काय करू?

अंबुबाई : ते त्यालाच विचार. मला काय विचारतेस?

(फोन वाजतो. अंबुबाई शेंगा ठेवलेलं सूप बाजूला सारते, पण जागची उठत नाही.)

कल्पना : हॅलो. हो, मीच.

योगीराज : वही मिटलीस ना? सांग, चिमटा?

कल्पना : टाँग्ज.

योगीराज : केर भरायची सुपली?

कल्पना : डस्टपॅन.

योगीराज : उशीचा अभ्रा? नीट आठव, मागे चुकलीस.

कल्पना : पिलोकेस.

योगीराज : अरे वा! आणि पळी?

कल्पना : लॅडल.

योगीराज : आज तर कमालच केलीस. व्हेरी गुड! चल मग, ठेवतो...

कल्पना : ठेवू नका. अहो, मला हे शब्द केव्हाचे येतात. मी मुद्दाम चुकायची. चुकलं की तुम्ही बोलत राहता, बरोबर आलं की ठेवता. मला इथे फार एकटं वाटतं हो.

अंबुबाई : काय म्हणतो? रागावला का?

कल्पना : काहीच बोलत नाहीत.

अंबुबाई : लाइन तुटली असेल.

कल्पना : नाही, अक्का. श्वास ऐकू येतोय. अजून ठेवला नाहीये.