चुन्याचं बोट

हसू नका, पण आमच्या घरात कुणाला डास चावला की आई तंबाखूच्या डबीतला चुना लावते. वडिलांनी मात्र कधी लावून घेतला नाय. "माझे पाय मिठागरात मुरलेत गो, डास चावला तरी खाजत नाय," म्हणायचे. आम्हाला कौतुकच वाटायचं. पाय शुगरनं बधिर झालेत, हे पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. डावा पाय गुडघ्यापासून कापला.

परवा वडील म्हणाले, "डाव्या पावलाला डास चावला गो. जाम खाजतंय. चुना लाव."

आई डबी घेऊन आली. पाय असता त्या जागी, चादरीवरच तिनं चुन्याचं बोट टेकवलं. "इथं काय?"

वडील म्हणाले, "जरा खाली."