वाट्याची शेळी आणि तारापूरची वीज

तारापूरला अणूची वीज नवी होती, तेव्हाचं सांगते. आमच्या जामखेडकडं बायकांना जमवून तिची माहिती द्यायला एक साहेब आला. म्हणाला, "इंधन अमेरिका देते. पण तपासायला बाहेरची माणसं येणार, आणि जळून उरलेलंही अमेरिकेला विचारूनच वापरायचं."

मी उठलेच. "म्हंजी वाट्यानं घेतलेली शेळीच की! चारा माझा, राखण माझी, आन मालकीण सरजाबाई रोज बघायला हजर. लेंडीखतसुद्धा तिला इचारून टाकायचं. दुसरं करडू माझं ठरलं हुतं, त्याचं तर नावच काढत न्हाई!"

बायका खिदळल्या. सरजाबाई पुढंच बसलेली, मान खाली.

साहेब चाचरत म्हणाला, "मग सरकारनं काय करावं, बाई?"

"माझ्यावानी चारचौघांत बोलावं."

दिवस मावळायच्या आत करडू माझ्या दारात बांधलेलं होतं.